वाफ्यातला चाकवत

दिगंबर चाकवताच्या वाफ्यात गुडघ्यावर बसून रोपांच्या बुडाशी कडी घालत होता. आधी उगवलेल्याला पिवळं कडं, मागून उगवलेल्याला लाल. पोरीच्या हातात बांगडी भरावी तसं जपून भरायचं, कारण रोप मोडलं तर गेलं. इलिनॉयची माती परभणीसारखीच काळी, पण वागायला बेभरवशाची. पाऊस झाला की बुटाला धरून बसायची आणि दोन दिवस वारा सुटला की पापडासारखी तडकायची. वारा तर रोजचाच. अडवायला ना डोंगर ना टेकाड, बघावं तिथं मका आणि सोयाबीन.

गावाकडं त्याच्या आईनं जन्मभर लोकांच्या रानात तण खुरपलं, आणि पोरगा इतक्या लांब येऊन तण जपत बसला होता. चार राज्यांतल्या चार विद्यापीठांचं हे सामाईक काम. एकाच पोत्यातलं तणाचं बी चौघांनी वाटून घ्यायचं, सगळ्यांनी एका वेळी पेरायचं, आणि कुठल्या मातीत ते कधी डोकं काढतं, किती उगवतं, कोवळेपणी किती वाढतं ते बघायचं. म्हणजे शेतकऱ्यानं औषध कधी मारावं ते सांगता येईल. थोडक्यात, पुढं मारता यावं म्हणून आत्ता वाढवायचं.

दिगंबरचा प्रोफेसर डॉक्टर केलर माणूस वाईट नव्हता, पण आडपडदा ठेवणारा नव्हता. पेरणीच्या आधीच त्यानं सांगितलं होतं, "हा उन्हाळा नीट गेला तर डिग्रीपर्यंत तुझी नेमणूक पक्की. नाही तर पुढच्या वर्षी मला दुसरा विद्यार्थी बघावा लागेल." नेमणूक गेली की फीमाफी गेली, फीमाफी गेली की व्हिसा गेला. एवढं कळायला दिगंबरला पीएचडीची गरज नव्हती.

वाफ्यांमधल्या वाटा साफ ठेवायला रामोन होता. मेक्सिकोचा, चाळिशीचा, लांब दांड्याचं खुरपं घेऊन दिवसभर वाकलेला. पहिल्याच दिवशी त्यानं चाकवताकडं बोट केलं होतं. "केलिते," म्हणाला आणि घास तोंडात घालायची खूण केली. मग त्याची आई तो मिरची-लसणावर कसा परतते ते हातवाऱ्यांनी सांगितलं. दिगंबरचा जीव सुखावला. इतक्या मोठ्या मुलखात या पाल्याला भाजी म्हणणारा एक माणूस भेटला होता. तेव्हापासून दोघं शेडच्या सावलीत डबा मिळून खायचे. रामोननं घरी नेलाच तर पलीकडच्या चरातला चाकवत न्यायचा, तोही फार्म मॅनेजर डेलला विचारून. वाफ्याजवळून जाताना तर खुरपं उचलून धरायचा, निजलेल्या लेकराजवळून जावं तसा.

आता शॉमबर्ग गावच्या मराठी मंडळींकडं येऊ. इराकची लढाई टीव्हीवर चालू होती, त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला दिगंबर तिथल्या मराठी मंडळात गेला होता. अनिलकाकांनीच नेला. काका मूळ पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. पोरगा एकटा आहे म्हणून थंडीत त्याला जाड कोट दिला होता आणि त्या कोटाची ओळख ते चारचौघांत स्वतःच करून द्यायचे. जेवताना एकानं विचारलं, "तुम्ही कशात आहात?"

"तणाच्या बियांवर रिसर्च करतो."

"म्हणजे गवतावर? यार, आम्ही लॉनचं गवत मारायला माणूस लावतो आणि याला गवत वाढवायला अमेरिकेनं बोलावलंय."

सगळे हसले. दिगंबरही हसला, पण कान तापले. आपली पत राखायला काहीतरी टाकावं म्हणून बोलून गेला, "आमच्या रानात चाकवत येतो. पाहिजे तेवढा."

हशा बंद झाला. काकांच्या बायकोनं, नीलाकाकूंनी, वाढता वाढता पळी पातेल्यात सोडली. "चाकवत? ताजा? अरे, नऊ वर्षांत दृष्टीस पडला नाही मला."

"या की मग जूनमध्ये," दिगंबर म्हणाला. गवतवाला पोरगा एका घासात मानाचा पाहुणा झाला, आणि ती चव त्याला आवडली.

तर जूनमधल्या एका रविवारी ते आले. मिनीव्हॅनमधून अनिलकाका, नीलाकाकू, त्यांची लेक इशिता आणि काकूंची मैत्रीण सुवर्णामावशी उतरले. काकूंच्या हातात पिशव्यांची चळत.

"काकू, त्या तिकडं चराच्या कडेला बघा," दिगंबरनं हात लांब केला. "तो सगळा चाकवतच. लागंल तेवढा घ्या."

वाफ्याला हात लावू नका, असं सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. ज्यानं महिनाभर एखादी गोष्ट तळहातावर ठेवली, त्याला ती दुसऱ्याला साधी भाजी दिसेल हे कुठून सुचणार? तेवढ्यात अनिलकाकांनी शेडमधला हिरवा ट्रॅक्टर पाहिला. "दिगंबर, एक फोटो हवा बुवा याच्यावर. पुण्याला पाठवतो. इशू, चल."

"डॅड, इट्स सो डर्टी," इशिता म्हणाली, पण गेली.

काका ट्रॅक्टरवर चढले, उतरले, टोपी घालून पुन्हा चढले. तोवर इकडं दोघी चरापाशी पोचल्या. बघतात तर तिथला पाला वाकडातिकडा, पिवळा पडलेला. डेलनं शुक्रवारी तिथं औषध मारलं होतं, आणि ते दिगंबरला ठाऊक नव्हतं.

"अगंबाई, हा जळका कशाला देईल तो आपल्याला?" सुवर्णामावशी म्हणाल्या.

काकूंनी मागं वळून पाहिलं. काळ्याभोर मातीत ओळीनं वीत-वीतभर कोवळा चाकवत, पानांवर पांढरी पिठी, मध्ये दुसरं गवत औषधाला नाही, आणि प्रत्येक रोपाला रंगीत कडं. "हा बघ. हा लावलाय त्यानं आपल्यासाठी. किती हौशी पोरगं ते."

ओळीत लावलेला चाकवत म्हणजे भाजीचा वाफा, यात त्यांना शंका घेण्यासारखं काय होतं? आणि काकू खाणाऱ्या घरच्या. मुळासकट उपटणाऱ्यांतल्या नव्हेत. नखानं शेंडे खुडले, खाली दोन पानं ठेवली, म्हणजे पुन्हा फुटावा.

निघताना गच्च भरलेल्या पिशव्या गाडीत चढल्या. "घेतला हं भरपूर," काकू म्हणाल्या. दिगंबर म्हणाला, "घ्या की." पिशव्यांत वाकून बघितलं नाही. पाहुण्यांच्या पिशवीत डोकवायची त्याच्या घरी रीत नव्हती.

सोमवारी सकाळी तो वाफ्यावर गेला. कडी जागच्या जागी होती. कड्यांच्या वर काही नव्हतं. सगळी ओळ बोडकी.

त्यानं शेडमधून काकूंना फोन लावला. घाई झाली की त्याची परभणी तोंडावर यायची. "काकू, तुमी चाकवत कुठनं तोडला हो?"

"तू लावलेला, तोच. इतका कोवळा होता म्हणून सांगू. रात्रीच ताकातली भाजी केली, ह्यांनी तीनदा घेतली. तुझा वाटा ठेवलाय फ्रीजमध्ये."

"काकू, ती भाजी न्हवती. त्यो माझा प्रयोग होता."

 काकूंचा आवाज लहान झाला. "अरे देवा. मला वाटलं... थांब, मी सांगते तुझ्या सरांना. माझी चूक आहे, मीच बोलते."

फोन काकांनी घेतला. "दिगंबर, ऐक. नीला कुणाशी बोलणार नाही. आमची ग्रीन कार्डची फाइल आत आहे. सरकारी विद्यापीठाच्या जमिनीतून काही नेलं असं कुठं रेकॉर्डवर आलं तर? हल्ली दिवस कसले आहेत, बघतोयस ना?"

"काका, भाजी खुडली म्हणून कुणी फाइल अडवत न्हाई."

"तुला काय ठाऊक? तू स्टुडंट आहेस. हरणांनी खाल्लं म्हण. तिकडे हरणं आहेत की. आणि हे बघ, आम्ही तुला कधी परकं मानलंय का?"

दिगंबरनं फोन ठेवला. अंगावर घातलेला कोट जूनमध्येसुद्धा काढता येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

त्यानं मनाशी ठरवलं, की खरं सांगायचं. मीच बोलावलं, मीच दाखवलं, चूक माझी. इंग्रजीत वाक्यं जुळवत तो वाफ्याकडं आला, तर केलर आधीच तिथं उकिडवा बसलेला. एक बोडकं रोप बोटांत धरून बघत होता.

"हे जनावराचं काम नाही," केलर म्हणाला. "नखानं खुडलंय." मग उठून हात झटकले. "रामोन हे खातो ना? डेल म्हणत होता, तो इथून पाला घरी नेतो."

केलरला जगात चाकवत खाणारा एकच माणूस ठाऊक होता. समोर उभा असलेलाही तोच पाला खाऊन वाढला, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. दिगंबरच्या हातात वही होती, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र होतं.

दिगंबरनं तोंड उघडलं. जुळवलेली वाक्यं जिभेवर होती. पण आधी व्हिसा आठवला, मग काका, मग पाडव्याचा तो हशा. आणि जे बाहेर आलं ते इतकंच, "मे बी."

कुणाची भाकरी काढून घ्यायला एवढे दोन शब्द पुरतात.

डेलनं दुपारी रामोनला विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. डेल म्हणाला, विद्यापीठाची सिक्युरिटी येईल, कागदपत्रं बघेल, सगळ्यांचे जबाब घेईल. कागदपत्रांचं नाव निघालं आणि रामोनची मान हलायची थांबली. ज्याच्याकडं दाखवायला कागद नाही, त्याला खरं बोलणं परवडत नाही. तो म्हणाला, असेल, माझीच चूक असेल. डेलनं उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

जाताना तो शेडमध्ये डबा घ्यायला आला. दिगंबर तिथंच होता. रामोन मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तू रोज बघतोस. मी हात लावत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," दिगंबर म्हणाला. "मी सांगतो त्यांना. आज सांगतो."

रामोननं खांद्यावर थोपटलं. वर म्हणाला, काळजी करू नको, तुझी झाडं पुन्हा येतील.

आज म्हणता गुरुवार आला. त्या दिवशी बाकीच्या तिन्ही राज्यांतली मंडळी रान बघायला आली. तोवर पाऊस पडून गेला होता. खुडलेल्या प्रत्येक रोपाला पानांच्या बेचक्यातून दोन-दोन फुटवे आले होते, आणि मोकळ्या मातीत नवं बी उगवून वर आलं होतं. आयोवाचा प्रोफेसर खाली वाकला तो उठेचना.

"आमच्याकडे हे नाही," तो म्हणाला. "शेंडा गेल्यावर कोवळं रोप किती जोरानं येतं, हे कुणी मोजलंय? मोजा हे. केलर, हे कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं नाही," केलर हसून म्हणाला. "आमचा मजूर आमचा प्रयोग खाऊन गेला."

सगळे हसले. दिगंबरही हसला. पाडव्याला हसला होता तसाच, फक्त या वेळी कान तापले नाहीत.

जाताना केलर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नेमणुकीची चिंता सोड. हे फुटवे मोज. तुझा प्रबंध यातच आहे."

आता सांगायचं म्हणजे केलरला चार राज्यांपुढं खोटं पाडायचं. आणि सांगून तरी काय, रामोन कुठं गेला ते डेललाही ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं मिशिगनला चेरी तोडायला गेला. दिगंबरनं त्याची चौकशी दोनदा केली, आणि दोन्ही वेळा त्याचा पत्ता लागला नाही याचं त्याला जरा बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी डेलनं नवा माणूस आणला. एर्नेस्तो त्याचं नाव. तोही मेक्सिकोचाच, बोलका. "याला वाफे दाखव," डेल दिगंबरला म्हणाला. "आणि आधीच्याचं काय झालं ते नीट सांग, म्हणजे ध्यानात राहील."

दिगंबर त्याला ओळींमधून घेऊन हिंडला. वाटा कुठून साफ करायच्या, खुरपं कुठं थांबवायचं, सगळं दाखवलं. मग चाकवतापाशी येऊन उभा राहिला.

"याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "आधी रामोन नावाचा एक जण होता. त्यानं हा खुडून घरी नेला. म्हणून त्याला काढलं."

एर्नेस्तोनं पाल्याकडं बघितलं आणि हसला. "केलिते. त्याला भूक लागली असेल." मग मान वर करून सहज विचारलं, "तुमच्या देशात खात नाहीत हे?"

"नाही," दिगंबर म्हणाला. "आमच्याकडं हे तणच."