रिकामी फेरी

मी एक जुना, हाताने फिरवायचा सिनेमाचा कॅमेरा आहे. खालापुरातल्या एका माळ्यावर, भाताच्या कणगीमागे माझा मुक्काम असतो. माझी पेटी लाकडाची, चाके पितळेची आणि कुशीला एक दांडा. तो सेकंदाला दोनदा फिरवला, की माझ्यातून सोळा चित्रे सरकतात, म्हणजे बरोबर एक फूट फिल्म. मित्रांनो, हे गणित मी कधी चुकवले नाही. चूक झाली ती वेगळीच.

मी विलायतेत घडलो. एकोणीसशे एकवीस साली जमालशेठनी मला घरी आणले. ते इथल्या भाताच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या आईने कपाळाला हात लावला.

"जमाल, भात मोजायचा सोडून सावल्या विकणार तू?"

"अम्मी, भात खाल्ला की संपतो. सावली पुन्हा दाखवता येते."

गोष्ट शोधायची, माणसे जमवायची, भाकरीपासून घोड्यापर्यंत सगळे बघायचे आणि चित्रपट पडला की शिव्याही आपणच खायच्या, हे निर्मात्याचे काम. जमालशेठ ते हौसेने करीत. त्यांचा एकच नेम होता: भिंगासमोर माणूस उभा केला, की आत फिल्म हवीच. त्यांचा पहिला चित्रपट चालला. लोक माझ्यावरून हात फिरवून जात. दुसरा आणि तिसरा मात्र पडले. मग मुंबईच्या एका स्टुडिओने त्यांना निर्माता म्हणून नोकरीत घेतले आणि मलाही.

तिथला नेम निराळा होता. नवखी माणसे पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे टकमक बघतात आणि फिल्म वाया जाते. म्हणून गर्दीची पहिली फेरी रिकामी. दांडा फिरवायचा, खडखड करायची, पण आत फिल्म घालायची नाही.

सत्तावीस सालच्या हिवाळ्यात आम्ही चौक गावाजवळच्या ठाकरवाडीत गेलो. ढोलावरचा नाच हवा होता. नाचात पुढे होता धाऊ, सत्तरीचा म्हातारा. त्याची लेक चिंधी माझ्याजवळ येऊन वाकली.

"शेठ, ह्यात माझा बा ऱ्हाईल?"

"राहील की. तू म्हातारी झालीस तरी तो नाचतच असेल."

"आयकलंस का रं बा? नीट नाच! नायतर जल्मभर वाकडाच दिसशील!"

सगळे हसले आणि ढोल वाजला. धाऊ असा नाचला, की पोरीसुद्धा टाळ्या विसरल्या. तो एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. डोळे मिटले होते त्याने. सहा मिनिटे माझा दांडा फिरत होता. तीनशे साठ फूट फिल्म झाली असती. मित्रांनो, माझ्या पोटात काहीच नव्हते. मला ओरडता येत नाही; मला फक्त खडखडता येते.

नाच संपला. धाऊने वाजवणाऱ्याकडून ढोल जमिनीवर टेकवून घेतला.

जमालशेठ म्हणाले, "वा! आता पुन्हा एकदा."

"आता नाय, शेठ," धाऊ म्हणाला. "आमच्या वाडीत टेकवलेला ढोल त्या दिशी उचलीत नाय. देवाचा हाय त्यो."

जमालशेठनी माझ्याकडे पाहिले. तेव्हाच खरे सांगता आले असते. उद्याचा दिवस मागता आला असता. पण दुसऱ्या दिवशीची कामे ठरलेली होती. ते एवढेच म्हणाले, "बरं, झालं काम." पुढे तो नाच मुंबईत, भाड्याच्या माणसांकडून करवून घेतला.

धाऊ पावसाळ्यात गेला. दिवाळीनंतर चित्रपट कर्जतला तंबूत लागला. गर्दी जमावी म्हणून जमालशेठनी मला दाराशी मांडले होते. चिंधी वाडीहून चालत आली. पहिला खेळ पाहून बाहेर आली, ती सरळ जमालशेठपुढे.

"शेठ, बा नाय दिसला."

"तो... कापला गेला, चिंधी. चित्रपट लांब झाला होता."

"मंग कापल्याला तुकडा कुठं हाय? त्यो द्या मला."

 जमालशेठनी माझे झाकण उघडले.

"असा रिकामाच फिरवला होता गं. फिल्म नव्हती."

चिंधीने आत बोट घालून चाचपले. ती रडली नाही की भांडली नाही. "येवढा नाचला त्यो," म्हणाली आणि निघाली. चार पावलांवरून परत आली, माझ्या भिंगात वाकून पाहिले. तिथे तिला तिचाच इवलासा चेहरा दिसला असणार. तो मी तेवढा वेळ धरला. ती गेली, तसा तोही गेला.

जमालशेठनी त्याच महिन्यात नोकरी सोडली आणि मला घेऊन घरी परतले. पुन्हा स्वतःचा चित्रपट काढायचा म्हणत राहिले. तोवर बोलपट आले आणि माझी खडखड सगळ्यांना नकोशी झाली. ते आजही कधीतरी माळ्यावर येतात, झाकण उघडतात, आत बघतात आणि पुन्हा लावतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, चाकांना तेल घाला, मला आनंदच होईल. पण मला कुणासमोर उभे करण्याआधी एकदा माझे झाकण उघडून बघा. समोरच्या माणसाला आतले दिसत नसते.