पाटीवरचा नावाडी

मी एक जुने घर आहे, मित्रांनो, आणि मला गोड बोलता येत नाही. नदीला लागून असलेल्या आमच्या उपनगरात ऐतिहासिक वास्तूंची रांगच आहे. घड्याळाचा मनोरा, बंद पडलेली गिरणी, न्यायाधीशांचा बंगला आणि सगळ्यांत शेवटी, उतारावर, मी. माझ्या दारावर निळी पाटी आहे. तिच्यावर इथे वाढलेल्या ताईच्या भावाचे नाव आहे आणि खाली लिहिले आहे, ‘शेवटच्या नावाड्याचे घर’. ती पाटी धादांत खोटी आहे.

मला त्या दोघांच्या वडिलांनी बांधले. ते खरेच नावाडी होते. खाली दगडी जोते, वर लाकडी मजला आणि नदीकडे तोंड केलेली मोठी खिडकी. खिडकीत कंदील टांगला की पलीकडच्या काठाला कळायचे, नाव निघाली. वडील गेले तेव्हा मागे ताई आणि तिचा हा धाकटा भाऊ उरले. भावाला पाण्याची भीती. तो कंदील टांगायचा आणि तिथेच बसून राहायचा. नाव ताईने चालवली. सुईण असो, नवरी असो की मयताला निघालेले नातेवाईक, तिने कुणाला ‘उद्या या’ म्हटले नाही. परतल्यावर तिच्या पायांचा चिखल माझ्या पायऱ्यांवर उमटायचा. मला तो आवडायचा.

मग पूल झाला आणि नाव बंद पडली. ताई माझ्या तळमजल्यावर लोकांच्या होड्या दुरुस्त करू लागली. शेजाऱ्यांच्या नाकाला डांबराचा वास झोंबू लागला. त्यांनी तक्रारी केल्या आणि जुन्या वास्तू जपणारी एक समिती आली. “काय देखणं घर आहे!” म्हणत ती माणसे माझ्याभोवती फिरली. ताईला मात्र म्हणाली, “इथं डांबर उकळू नका. कपडे बाहेर वाळत घालू नका.” छप्पर गळू लागले, तर दुरुस्तीला परवानगी देईनात. पुढे त्याच छपराकडे बोट दाखवून म्हणाले, घर राहायला धोकादायक आहे.

समितीने भावाला मानाची खुर्ची देऊ केली होती. त्याने घर समितीला द्यायला लगेच होकार दिला.

“माझ्या डोक्यावरचं छप्पर देऊन टाकलंस?” ताईने विचारले.

“अगं ताई, आपलं घर अजरामर होईल!”

“घर होईल रे. मी कुठं जाऊन मरू?”

घर धोकादायक ठरल्यावर तिच्या नकाराला कोण विचारतो? तिचे सामान हातगाडीवरून गेले.

माझे स्मारक झाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊ हातात रंगवलेले वल्हे घेऊन उभा राहिला. “त्या महापुरात मी एकट्यानं नाव घातली...” लोक टाळ्या वाजवू लागले.

“वल्हं उलटं धरलंयस,” मागून ताई म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

“त्या पुरात नावेत मी होते. हा वर खिडकीत बसून गळा काढत होता.”

“बाई, कार्यक्रमात विघ्न आणू नका,” समितीचे अध्यक्ष गुरकावले.

ताई सरळ दाराशी आली. तिने पिशवीतून पक्कड काढली, पाटी उखडली आणि नदीत भिरकावली.

“ताई, लोक बघतायत!”

“बघू देत. आजवर कुणी बघितलंच नव्हतं.”

दोन रखवालदारांनी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर नेले. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आठवडाभरात नवी पाटी आली. मजकूर तोच.

आता मला दरवर्षी रंग देतात. चूल थंड आहे, आतून वाळवी तुळया पोखरते आहे आणि बाहेर पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात. त्यांचे हसरे चेहरे पाहून माझ्या भिंतींचा तळतळाट होतो.

मित्रांनो, जुनी घरे जपा असे तुम्हाला सांगतील. जपा. पण पाटी ठोकण्याआधी दार वाजवा, आत कोण राहते ते विचारा आणि त्या माणसाला आधी जपा. माणूस हाकलून राखलेले घर म्हणजे नुसता डबा.

ताई रोज पुलावरून कामाला जाते. माझ्याकडे मान वळवत नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही वळवली नसती.