दोन गळत्या

साडूचं नातं मोठं विचित्र. रक्त एक नाही, आडनाव एक नाही, दोघांच्या वाट्याला एकच सासू आली, एवढंच काय ते भांडवल. त्यातून हे दोघे साडू एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर. थोरल्याला सगळे 'नेटके' म्हणायचे. ते आडनाव नव्हे, स्वभाव. हातात कायम फडकं. पाना वापरला की पुसून जागेवर. जमिनीवर नट पडलेला दिसला की वाकून उचलणार, मग तो कुणाचा का असेना. धाकट्याचं नाव पडलं होतं 'निवांत'. का पडलं ते वेगळं सांगायला नको.

कारखाना दुधाच्या भुकटीचा. डब्यात हवा राहिली तर भुकटी खवट होते, म्हणून झाकण बसायच्या आधी डब्यात नायट्रोजन सोडतात. तो विकत आणायचा नाही, मागच्या खोलीतलं यंत्र तो साध्या हवेतूनच काढायचं. माणसाएवढी उंच नळकांडी एका ओळीत उभी, आणि प्रत्येकाच्या पोटात केसासारख्या बारीक, पोकळ तंतूंचा जुडगा. शेजारच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरची हवा गाळायची, तिच्यातलं तेल-पाणी काढायचं, जराशी गरम करायची आणि दाबाने एका टोकातून आत सोडायची. ऑक्सिजन चपळ. तो तंतूंच्या भिंतीतून बाजूला निसटतो आणि वेगळ्या पाइपाने छपराबाहेर जातो. नायट्रोजन सुस्त, तो सरळ दुसऱ्या टोकाला निघतो, टाकीत साठतो आणि तिथून डब्यांकडे जातो. सगळी कसरत एवढीच, की तेलाचा थेंब तंतूंपर्यंत पोचू द्यायचा नाही आणि हावरटासारखा जास्त गॅस ओढायचा नाही. जास्त ओढला की त्यात ऑक्सिजन मिसळून येतो.

निवांतला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्याने मान डोलावली. "म्हणजे आपलंच घराणं की, साडूभाऊ. तुम्ही नाकासमोर चालणार आणि मी बाजूने निसटणार."

"चेष्टा नको. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. खोलीत भरला तर माणूस गुदमरतोय हे त्या माणसालासुद्धा कळत नाही."

"मग सासूबाई बऱ्या. त्या यायच्या आधी निदान आवाज तरी येतो."

नेटकेला हसू आलं होतं, पण त्याने ते फडक्यात पुसलं. त्याला हा माणूस आवडायचा, हीच तर पंचाईत होती. आधीच्या सगळ्या नोकऱ्या निवांतने सिगारेटपायी घालवल्या होत्या. कुठे गोदामात ओढली, कुठे साहेबाच्या नाकासमोर. शेवटी मेव्हणीने, म्हणजे नेटकेच्या बायकोच्या धाकट्या बहिणीने, पदर पसरला. मुलगी नुकती बोलायला लागली होती. "भावोजी, आता हे तुमच्या हवाली," ती म्हणाली होती. "तुमच्या डोळ्यांसमोर असले की मला घास गोड लागेल." नेटकेने साहेबांपुढे शब्द टाकला आणि साडूला आपल्याच हाताखाली घेतलं. तेव्हापासून निवांत धड घरी पोचणं ही त्याने आपलीच जबाबदारी मानली. पाना जागेवर ठेवावा तशी.

पण सवय का अशी सुटते? कारखान्याच्या आवारात सिगारेटला सक्त बंदी, सापडला की थेट गेटबाहेर. निवांतने जागा शोधून काढली. यंत्राच्या खोलीत, टाकी आणि भिंत यांच्यामध्ये, पालथ्या घातलेल्या क्रेटवर. तिथे बसलेला माणूस दारातून दिसत नसे.

एकदा नेटके फिल्टरचं पाणी सोडायला आत गेला आणि टाकीमागे डोकावला. निवांत सिगारेट ओढत होता. नेटकेची नजर त्या सिगारेटवर खिळली. टोक विडीसारखं लाल नव्हतं, पांढरट झगझगत होतं, आणि कागद सरसर जळत बोटांकडे येत होता. त्याने वर बघितलं. छपराकडे जाणाऱ्या ऑक्सिजनच्या पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, जोडातून निसटून वाकडा झाला होता. निम्मा ऑक्सिजन बाहेर जात होता आणि निम्मा सुं सुं करत निवांतच्या डोक्यावर पडत होता. कधीपासून, कोण जाणे.

नेटकेने सिगारेट हिसकावून बुटाखाली चिरडली. "अरे, तुला काही अक्कल? ऑक्सिजन सांडतोय हा. शर्टावर एक ठिणगी पडली असती तर तू चुडीसारखा पेटला असतास. विझवायलाही कुणी पोचलं नसतं."

"तरीच म्हटलं, हल्ली सिगारेट पुरत नाही," निवांत म्हणाला. "मी उगाच पानवाल्याला शिव्या घालत होतो."

त्या दिवशी नेटकेला जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढे सारखा पेटलेला शर्ट. आठवड्याची सुट्टी आली, यंत्र बंद झालं, तसा तो स्वतः शिडी घेऊन चढला. काम नियमाला धरून केलं, त्यात कुणी बोट ठेवू शकत नाही. आदल्या दिवशी यंत्र चालू असतानाच सुरक्षा विभागाकडून हवा तपासायचा मीटर आणून खोलीत फिरवून घेतला होता. ऑक्सिजन जवळपास बाहेरच्या हवेइतकाच, नखभर जास्त. एल्बो साफ केला, नवी चकती घातली, क्लॅम्प आवळला. मग यंत्र थोडा वेळ चालवून जोडावर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. वरच्या झरोक्यातून भुकटीची धूळ येऊन फिल्टर तुंबायचे, म्हणून जाता जाता झरोक्याला पत्रा ठोकला. फरशी पुसली. मीटर परत देऊन आला आणि घरून मेव्हणीला फोन केला. "आता घोर लावून घेऊ नकोस. मी बंदोबस्त केलाय." त्या रात्री तो गाढ झोपला.

आणि इथेच त्या शहाण्या माणसाने माती खाल्ली. टाकीच्या तळाशी, क्रेटच्या अगदी मागे, नायट्रोजनच्या पाइपाचा एक जोड कधीचा झिरपत होता. वर ऑक्सिजन सुं सुं करायचा म्हणून खालची फुसफुस कुणाला ऐकू आली नाही. वरून ऑक्सिजन, खालून नायट्रोजन, दोन्ही खोलीत पडायचे आणि त्यांची पुन्हा साधी हवा व्हायची. दोन चोरांनी एकमेकांच्या बाजूने साक्ष द्यावी, तशा त्या दोन गळत्या एकमेकींना सांभाळून होत्या. मीटरला तरी काय कळणार? नेटकेने एक चोर पकडला आणि दुसऱ्याला रान मोकळं करून दिलं. मीटर त्याने दुरुस्तीच्या आधी लावला होता. नंतर लावला नाही. धोका काढून टाकल्यावर मोजायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीनंतर नेटके डबे भरायच्या लाइनपाशी उभा होता. नायट्रोजनची शुद्धता चोख येत होती. तेवढ्यात निवांत डोळे चोळत आला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"साडूभाऊ, रागावू नका, पण काडेपेटी मिळेल का कुठे? लायटर मेला."

"मला काय पानपट्टी समजलास?"

"अहो, परवाच घेतलाय. ठिणगी पडते, ज्योतच धरत नाही. अंगठा दुखायला लागला." त्याने लायटर खिशातून अर्धा काढला. इतक्यात पलीकडून सुपरवायझर आला, तसा तो पुन्हा खिशात गेला.

नेटकेच्या मनाला गुदगुल्या झाल्या. काल पाइप बसवला, आज लायटर बंद पडला. साडूच्या नशिबानेच मनावर घेतलेलं दिसतंय. "बरं झालं," तो म्हणाला. "देवालाच दया आली तुझ्या बायकोची. आता सोडून टाक."

"सोडतो हो. पण डोकं धरलंय सकाळपासून. पाय पण जड झालेत."

"धूर मिळाला नाही की धरणारच." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, नेहमी घड्याळ दाखवणारा नेटके आज विरघळला. साडूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "फिल्टरचं पाणी सोड आणि तिथेच जरा डोळा लाव. इथलं मी बघतो."

निवांतने थट्टेने सलाम ठोकला. "लेखी द्या, साडूभाऊ. घरी फ्रेम करून लावतो." आणि तो गेला. खोलीचं दार त्याने नेहमीसारखं आतून ओढून घेतलं असणार.

चहा आला तेव्हा नेटकेने दोन कप घेतले. माणूस बरं वागला की त्याला चहा मिळाला पाहिजे, असं त्याचं सरळ गणित होतं. कोपराने दार ढकलून तो आत गेला. यंत्र एका सुरात चालू होतं. हीटरची ऊब होती. वरची सुं सुं गेल्यामुळे टाकीकडून बारीक फुसफुस ऐकू येत होती. टाकीच्या पलीकडे बूट दिसले, टाचा टेकलेल्या.

"उठा, सरकार," तो म्हणाला.

तो टाकीमागे गेला. निवांत भिंतीला टेकून बसला होता, मान खांद्यावर कललेली. ओठांत सिगारेट, न पेटलेली. बोटं सैल पडली होती आणि लायटर फरशीवर होता. ओठ जांभळट निळे. नेटकेने दोन्ही कप एका हातात धरले, वाकून आधी लायटर उचलला आणि खिशातल्या फडक्यात सारला. त्याचं त्यालाही कळलं नाही. सवयच ती. मग साडूच्या गालाला हात लावला, आणि त्याच क्षणी त्याचा स्वतःचाच तोल गेला. कप फुटले. समोरची टाकी लांब जायला लागली. वास नाही, रंग नाही. आपणच कितीदा बजावलं होतं ते त्याला आठवलं. त्याने श्वास कोंडला, निवांतचे दोन्ही पाय काखेत धरले आणि मागे मागे ओढत त्याला दाराबाहेर आणलं.

लोक धावले. कारखान्याच्या सिस्टरने छाती दाबली, तोंडाने हवा दिली, घामाघूम होईपर्यंत थांबली नाही. अँब्युलन्स आली. तिने नेलं ते मढंच.

सुरक्षावाले मुखवटे घालून आत गेले. टाकीच्या तळाच्या जोडावर त्यांनी साबणाचं पाणी मारलं तेव्हा तिथे फेसाचा गड्डा उभा राहिला. बाहेर येऊन त्यांनी नेटकेला तो वरचा पाइप कधी दुरुस्त केला ते विचारलं. त्याने सांगितलं. ते एकमेकांकडे बघत राहिले. त्याने काय ते ओळखलं.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात मेव्हणी बाकावर बसली होती. मुलीला नेटकेच्या बायकोने घरी ठेवून घेतलं होतं. नेटके जवळ येऊन उभा राहिला. बसायचं धाडस होईना.

"सिगारेटच नडली ना, भावोजी?" तिने मान वर न करता विचारलं. रडून रडून आवाज बसला होता. "किती सांगितलं. पाया पडले मी. तुम्ही एवढा बंदोबस्त केलात, आणि हे मेले तरी त्या सिगारेटसाठी."

नेटकेला एवढंच करायचं होतं, की मान डोलवायची. तिने स्वतःच दोष निवांतच्या पदरात घातला होता, आणि मेलेला माणूस काही नाही म्हणायला येणार नव्हता. घाम पुसायला त्याने खिशातून फडकं काढलं. त्यात गुंडाळलेला लायटर बाकावर पडला.

तिने तो उचलला. उलटसुलट करून पाहिला. बोटांनी ओळखल्यासारखा धरला आणि अंगठ्याने चाक फिरवलं. पहिल्याच फटक्याला ज्योत उभी राहिली, सरळ, स्वच्छ.

ती ज्योतीकडे बघत राहिली. "चालू आहे की," ती म्हणाली. "ताई म्हणाली, सिगारेट तोंडातच होती, पेटवलीच नव्हती म्हणून. मग पेटवली का नाही त्यांनी?"

"पेटत नव्हता," नेटके म्हणाला. "आत हवाच नव्हती."

"त्यांना कळलं नाही?"

"लायटर मेला म्हणाला. मला सांगायला आला होता."

तिने अंगठा उचलला. ज्योत गेली. आता ती प्रथमच त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्हाला सांगितलं होतं? मग तुम्ही काय म्हणालात, भावोजी?"

नेटकेने फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"बरं झालं म्हणालो," तो म्हणाला. "आणि आत जाऊन झोप म्हणालो."