मंडपाचे चिरे आणणारी होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि जुनी असण्याचा मला भारी तोरा आहे. का असू नये? पेडण्याच्या खाडीतलं आमचं हे एवढंसं जुवं, म्हणजे बेट. त्यावरची मराठी शाळा, देवीचा सभामंडप, धक्क्याच्या पायऱ्या, सगळ्यांचे लाल चिरे माझ्याच पोटातून आले. फणसाच्या फळ्या काथ्याने शिवून मला घडवलं आणि धाकू नावाड्याने मला वल्हवलं. प्रभावतीवयनी नवरी होऊन आली तीही माझ्यातूनच, डोळे गच्च मिटून. आज ती साऱ्या जुव्याला धाकात ठेवते, हा भाग वेगळा.

मग पायी चालायचा पूल झाला. धाकूही गेला. लोकांनी मला मांडवात कोरडी ठेवली. दर नारळी पुनवेला हार घातला, काजूबियांचं तेल चोळलं. पाण्यात मात्र कोणी घातलं नाही. जीव होता हो त्यांचा माझ्यावर, पण त्या मायेने मी वाळून खडखडीत झाले.

गेल्या पावसात सभामंडपाची भिंत कोसळली. माघातला भजनी सप्ताह तोंडावर आला आणि पुलावरून चिऱ्यांचा ट्रक काही येईना. देवस्थानचे अध्यक्ष कृष्णनाथ म्हणाले, "यंदा सप्ताह पलतडी करूया."

तरुण मंडळी नोकरीसाठी आधीच पलीकडे गेलेली. सप्ताहही गेला, तर जुव्यावर परतून कोण येणार?

प्रभावतीवयनी ताडकन उठली. "देवी पलतडी जावची नाय. होडी काडा, चिरे हाडा!"

पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवणारा धाकूचा नातू श्रीनाथ चिरे आणायला सुट्टी काढून आला. नारळ फुटला, मला पाण्यात लोटलं, टाळ्या पडल्या. आणि मी सांध्यासांध्यातून पाणी घेत सगळ्यांच्या देखत बुडाले. मित्रांनो, तेवढी मान माझी कधी खाली गेली नव्हती.

"जावंदी आता," कृष्णनाथ म्हणाले आणि पलीकडचा मंडप ठरवायला निघाले.

मी चिखलात पडून राहिले. भरती येत होती, ओसरत होती. एका सकाळी ओहोटीला वयनी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला आली. भोवती नुसता चिखल उघडा पडला होता, पण मी काठोकाठ भरलेली. तिने माझ्यात हात बुडवला आणि ओरडली, "श्रीनाथा, धाव रे! हिच्यातला पाणी गळना नाय!"

"मगे काय झाला?"

"अरे, आतला भायर येना नाय, तर भायरचा आत कसा येतला?"

खरंच! फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या, सांधे घट्ट मिटले होते. मला उपसलं आणि मी तरंगले! मग खेपांवर खेपा झाल्या. चिरे उतरवायच्या रांगेत कृष्णनाथ स्वतः पँट दुमडून उभे राहिले. भिंत उभी राहिली. सप्ताहाला भजनी मंडळी पूल सोडून माझ्यातूनच आली, टाळ वाजवत. आनंदाने माझी फळी न् फळी थरथरत होती.

म्हणून सांगते, जुन्या वास्तूंना हार घाला, पण तेवढ्यावर भागवू नका. शाळेत मुलं बसू द्या, मंडपात मृदंग वाजू द्या.

यंदा नारळी पुनवेला वयनी हार घेऊन आली, तेव्हा मी मांडवात नव्हते. शाळेची नवी बाकं आणायला गेले होते.