चारची घंटा

सांगतो, पण विश्वास कोणी ठेवणार नाही. माझ्या बायकोनंसुद्धा ठेवला नाही, आणि तिनं तर माझ्याशी लग्न केलं, म्हणजे ती किती भोळी असेल बघा. मी या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होतो. त्यातल्या एका दिवशी मी चारची घंटा दिलीच नाही, आणि म्हणून चार वाजलेच नाहीत.

हसा. नवे शिक्षक सुरुवातीला हसतातच. तुम्हाला आज इथे बसवलंय ते मुलांची ऑनलाइन त्रासाची तक्रार कशी ऐकायची हे शिकायला, आणि मला बोलावलंय ते जेवणानंतर तुम्हाला डुलकी लागू नये म्हणून. समोर काठीवर हनुवटी टेकून बसलेत ते भाऊसाहेब, तेव्हाचे ऑफिसातले कारकून. गोष्टीत तेही येतील. पण त्यांना काही विचारू नका, त्यांना बायकोचं नावसुद्धा रजिस्टरात बघून सांगायची सवय.

तर आठवीतली एक पोरगी. पेन्सिली कुरतडायची, म्हणून मी तिला खारूताई म्हणायचो. मधली सुट्टी संपली, सगळी वर्गात गेली, ही घंटेखाली उभी.

"मामा, आज शाळा सोडू नका."

शिपायाला पोरं मामा म्हणतात, त्यामुळे मला पाच-सहा हजार भाचरं. पण शाळा सोडू नका म्हणणारं हे पहिलंच.

"का गं, गणिताचे सर आवडायला लागले की काय?"

ती हसली नाही. तिनं दप्तरातून फोन काढला. शाळेत फोनला बंदी, सापडला तर महिनाभर कपाटात. तरी माझ्यापुढे धरला. मला चष्म्याशिवाय दिसेना, मग तिनंच सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. तीन महिने एका मैत्रिणीशी बोलत होती. दुसऱ्या शाळेतली मुलगी, म्हणे. तिला घरातलं सगळं सांगितलं, आपले साधे फोटो पाठवले. ती मैत्रीण मुलगी नव्हतीच. त्यानं हिचा चेहरा काढून भलत्याच फोटोला चिकटवला होता आणि आता म्हणत होता, अजून फोटो दे, नाहीतर चारला तुमची शाळा सुटली, सगळ्यांनी फोन चालू केले, की हा प्रत्येकाकडे जाईल.

"सगळ्यांचे नंबर आहेत त्याच्याकडे," ती म्हणाली. "मीच दिले."

"घरी बोललीस?"

"बाबा माझी शाळा बंद करतील."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी तिला ऑफिसच्या खिडकीशी नेलं. असल्या तक्रारीसाठी आपल्याकडे खास फॉर्म होता, गुलाबी कागदाचा, त्याच वर्षी आलेला आणि तोवर एकाही पोरानं न भरलेला. भाऊसाहेबांनी तो काढून फुंकर मारली.

"नाव, इयत्ता, तुकडी. काय घडलं ते थोडक्यात. पुराव्याची छापील प्रत जोडायची. प्रिंटर तिकडे."

प्रिंटर ऑफिसच्या मधोमध. शेजारी दोन पालक कसल्याशा दाखल्यासाठी बसलेले. पोरीनं फोन पोटाशी धरला.

"आणि इथे पालकाची सही."

"अहो, त्यांना कळू नये म्हणून तर आलीय ती."

"मामा, रकाना मी छापलाय का? सहीशिवाय आवक नंबर पडत नाही, आणि नंबराशिवाय मोठ्या बाई कागद हातात घेत नाहीत."

खरंच घेत नसत. शाळेला आग लागली असती तर आगीलाही आधी आवक नंबर घ्यावा लागला असता.

मोठ्या बाई सभागृहात होत्या. बाहेरून एक पाहुणे आले होते, विषय मीच फळ्यावर लिहिलेला: 'इंटरनेटवर त्रास होतोय? न घाबरता सांगा.' दारावर कागद: व्याख्यान सुरू आहे, आत येऊ नये. मी दार ढकललं. कॉम्प्युटरच्या सरांनी ओठावर बोट ठेवलं. मी खुणेनं पोरगी दाखवली. त्यांनी खुणेनं घड्याळ दाखवलं आणि दार लावून घेतलं.

पावणेतीन. ती घंटेखालच्या पायरीवर बसली. फोन थरथरला की ती तो दप्तराखाली सरकवायची. समोर परातीएवढं घड्याळ, तरी वेळ मला विचारायची, मी कमी करून सांगेन म्हणून. मी सांगितलीही कमी करून.

"मामा, तुमच्याकडे फोन आहे?"

"आहे की. बटणांचा. त्यात फोटो दिसत नाहीत."

"बरं झालं," ती म्हणाली. "एकात तरी."

चारला दहा मिनिटं असताना तिनं गुलाबी फॉर्मवर बाबांची सही करून बघितली. पहिलं अक्षर जमलं, शेवटची रेघ हलली. ती फॉर्म घेऊन पुन्हा खिडकीशी गेली. मी हातोडी उचलली. आणि खाली ठेवली.

आता इथून पुढे तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

काटा चारवर यायला लागला तसा मी स्टुलावर चढलो आणि मोठ्या काट्याला लोंबकळलो. काटा मागे सरकला. घंटा झाल्याशिवाय आपल्याकडे कोणी खडू खाली ठेवत नाही. गणिताच्या सरांनी त्या वर्षाचा अभ्यासक्रम संपवला, पुढच्या वर्षाचा संपवला, मग स्वतःला न येणारी गणितं काढली. पहिलीतल्यांचे दुधाचे दात पडून नवे आले. दहावीतल्यांच्या मिशा कॉलरपर्यंत पोचल्या. फाटकाबाहेर पालकांची भांडणं होऊन मिटलीसुद्धा. सूर्य खिडकीशी आला, त्याला म्हटलं, थांब बाबा, काम चालू आहे. थांबला बिचारा.

शेवटी पाहुण्यांचा घसा बसला आणि मोठ्या बाई बाहेर आल्या.

"मामा, चार कधी वाजणार?"

"ही पोरगी मोकळी झाली की."

बाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. फॉर्म नाही, नंबर नाही. म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही. फोन मी काढून घेणार नाही. त्यानं पाठवलेलं काही पुसू नकोस, आपण दोघी मिळून कळवू." कॉम्प्युटरच्या सरांनी तिथेच बसून ते खातं बंद पाडलं. पोलीसबाई आल्या, साध्या कपड्यांत, हळू आवाजात बोलल्या. तिच्या बाबांना बोलावून बाईंनी आधी एकटं बसवून सगळं समजावलं. ते बाहेर आले, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "चल, उद्या वेळेवर उठायचंय." तिकडे तो चोर चार वाजायची वाट बघत बसलेला, त्याच्या बोटावर कोळ्यानं जाळं विणलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, मामा, आता सोडा शाळा. तेव्हा कुठे मी हातोडी...

"चारला झाली घंटा," भाऊसाहेब म्हणाले.

"भाऊसाहेब, गोष्ट चाललीय."

"ठोक्याला ठोका झाली. तूच दिलीस. मी खिडकीत होतो, सही जुळत नाही म्हणून तिचा फॉर्म परत करत होतो. घंटा ऐकली आणि ती फॉर्म टाकून पळाली. सोमवारी तिचे वडील आले. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी लिहिला आणि शिक्का मारायला तुझ्याकडे दिला. या पोरांशी खोटं का बोलतोस?"