बोग्नाबाईंची सही

"सही करत नाही म्हणजे काय?" ओल्गेर्दने विचारलं.

"म्हणजे करत नाही," बोग्नाबाई म्हणाल्या आणि ग्लासातल्या चहात लिंबाची चकती चमच्याने दाबत बसल्या.

वॉर्सातलं आमचं दुकान इंटरनेटवर गेम विकतं. बाकीच्यांचे गेम सुरू होण्याआधी नेटवरून कंपनीची परवानगी मागतात, आमचे मागत नाहीत. विकत घेतला की तो तुमचा, एवढ्या एका शब्दावर दुकान उभं राहिलं. तो शब्द पाळला जातोय का, हे बघणं बोग्नाबाईंचं काम. कॉम्प्युटरची नेटची वायर काढायची, घड्याळ महिनाभर पुढे करायचं आणि खेळायला बसायचं. गेम चालला की ‘कुलूप नाही’ या कागदावर सही. एकोणसाठ वर्षांची बाई दिवसभर राक्षस मारत बसते म्हणून आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली. खरं तर गेमची त्यांना काडीची आवड नव्हती.

या नव्या गेममध्ये मात्र पहारेकरी निघाला. कॉम्प्युटरच्या पोटात लपून वीस दिवस गप्प बसायचा आणि एकविसाव्या दिवशी परवानगी मागायचा. नेट नसेल तर गेम बंद.

"अहो, हल्ली नेट कुणाकडे नसतं?" ओल्गेर्द म्हणाला. मालक असला तरी त्यांच्यापुढे त्याचा आवाज चढत नसे. "हा एक घेतला तर ती कंपनी आणखी चाळीस गेम देतेय. नाहीतर वर्षभरात शटर खाली."

"मग कुलूप आहे असं लिहून विका. आत्ता सही करते."

"तसं लिहिलं तर आपल्याकडून घेईल कोण?"

"तेच म्हणतेय मी."

"पेन्शनला आठ महिने राहिलेत तुमच्या. तक्रारींच्या फोनवर बसवावं लागेल मला."

"बसवा."

तपासणीत मी बाईंच्या हाताखाली होतो, म्हणून कागद माझ्याकडे आला. बायको बाळंतीण होती, नोकरी घालवायची माझी छाती नव्हती. मी सही केली. "कायेतान, शाई वाळू दे रे," बाई एवढंच म्हणाल्या आणि आपला ग्लास उचलून फोनच्या टेबलाशी गेल्या.

गेम धडाक्यात खपला. महिन्याभराने एका जहाजावरच्या मेकॅनिकचा फोन आला. जहाज नुकतंच ग्दिनिया बंदराला लागलं होतं. माणूस इतका तापला होता, की त्याचं बोलणं मला शेजारच्या खुर्चीत ऐकू येत होतं. भर समुद्रात गेम बंद पडला म्हणे.

"तुमचं दुकान म्हणून घेतला, बाई. बिघडलेला दिलात का?"

"गेम चांगला आहे, साहेब. त्याला कुलूप आहे, आणि आम्ही तुम्हाला ते सांगितलं नाही."

ओल्गेर्दने मान वर केली. बाई थांबल्या नाहीत.

"तुमचे पैसे आजच परत पाठवते."

"पण हा तपासला कुणी?"

माझे हात कीबोर्डवरच राहिले.

"आम्हीच," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि बोलतंय कोण?"

बोग्नाबाई खुर्चीत ताठ बसल्या आणि आपलं नाव, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करून त्याला सांगू लागल्या.