शून्य गोलांचे पेढे

गुणवंतरावांनी भर चौकात लेकीच्या शून्य गोलांचे पेढे वाटले. पण ते सध्या सोडा. असं काही झालंच नाही असं समजून सकाळपासून सुरू करू.

घुग्घुसजवळच्या त्या घरात चहाआधीच वाद पेटला होता. लेक दिव्यानी बाहेरगावच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबात बचावपटू. क्लबाला ती पुढच्या हंगामातही हवी होती. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि बाबांच्या होकाराशिवाय जायचं नाही हा तिचा हट्ट.

"इतक्या वर्सात एक गोल नाई!" गुणवंतराव कडाडले. "लोक इचारतात, मी काय सांगू? सोड ते. पतसंस्थेत चिकट."

"मी गोल अडवतो, बाबा."

"अडवते तं रेल्वेचं फाटकबी! त्याचा कोणी सत्कार करते का?"

दिव्यानीनं खेळाचे बूट उचलून माळ्यावर टाकले. ते पाहून तिची आई रुखमाबाई चुलीपासून उठल्या.

"अडवणं कामच नाई ना? मंग आज मीबी नाई अडवत."

आणि अंगणात खाट टाकून बसल्या.

दूध उतू गेलं. "गोल!" रुखमाबाई म्हणाल्या.

कोंबड्या वाळवणाच्या तुरीवर तुटून पडल्या. "गोल!"

शेजारची बकरी घरात शिरून गुणवंतरावांचं ठेवणीतलं धोतर चघळू लागली. "हा तं लयच सुंदर गोल!"

"अवं, हाकल नं तिले!"

"काऊन? माह्या सत्कार करता का?"

तेवढ्यात कुंपणातून दुसरी बकरी आली. गुणवंतराव पहिलीला हुसकावून, सूप घेऊन दारात उभे ठाकले.

"आंगावर नोका जाऊ, बाबा!" दिव्यानी न राहवून ओरडली. "तिलेच आधी वळू द्या!"

बकरी डावीकडे वळली, तेही वळले. ती उजवीकडे, तेही! शेवटी बकरी कंटाळून परत गेली.

"अडवली! मी अडवली!" गुणवंतरावांनी अभिमानानं आजूबाजूला पाहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. दाखवायला काही नव्हतंच. या बकरीनं दाराच्या आतलं काहीच हलवलं नव्हतं.

ते सुपासकट खाली बसले. "तू हे रोज करतं?"

"लग्न झालं तवापासून. अन् तुमी इचारता, दिवसभर घरी काय करतं."

गुणवंतराव सूप ठेवून उठले. मग माळ्यावरून बूट काढून त्यांनी लेकीच्या हातात दिले. "हो म्हणून टाक क्लबाले," म्हणाले, आणि चौकात गेले.

"पेढे कायचे, भाऊ?"

"काईच झालं नाई, त्याचे!"

नागरिकहो, जे वाईट घडत नाही, ते आपोआप टळत नाही. मैदानात बचावपटू आणि घरात बाई ते रोज अडवत असते. तिला निदान एकदा दाद द्या!

सबब, मा. क्रीडा विभागास विनंती की, गुणफलकावर न झालेल्या गोलांचा रकाना सुरू करावा, तसाच फलक प्रत्येक स्वयंपाकघराबाहेर लावावा, आणि न करपलेल्या प्रत्येक भाजीमागे शिट्टी वाजवण्याकरिता घरटी एका पंचाची कायमस्वरूपी नेमणूक करावी.